घळीतले गोटे

"कुत्रं धरा!"

कुंपणाबाहेरून हाक आली तसा चहा ढवळणारा खांदमाचा हात थबकला. धरायला तिच्याकडे कुत्रं नव्हतंच. दोन हिवाळ्यांमागं धनी गेला, आणि महिना उलटायच्या आत त्याच्या मागोमाग कुत्रंही गेलं. पण उलानबातरच्या या टेकड्यांवर कुणाच्याही दाराशी गेलं की आधी हीच हाक द्यायची, आणि हाक आली की आतल्यानं हातातलं काम टाकून बाहेर यायचं, ही माळावरची रीत. माळ सुटला, मेंढरं गेली, घोडे गेले. रीत तेवढी बरोबर आली.

आवाज रौशन आराचा होता. चार दिवसांत इथल्या भाषेतलं हे एकच वाक्य ती शिकली होती, आणि ते वापरायची एकही संधी सोडत नव्हती.

"या आपा, या. कुत्रं मेलंय," खांदमा फाटक उघडत म्हणाली. रोजचंच उत्तर. मागे उभी असलेली दुभाषी नोमून रोजच्यासारखी हसली. रौशन आरा मात्र आज हसली नाही.

बाई बांगलादेशातली, जमुनेच्या पात्रातल्या वाळूच्या बेटावर जन्मलेली, साठीला टेकलेली. साडीवर खांदमानंच दिलेला जुना देल, इथला लांब अंगरखा, चढवलेला, कमरेला पट्टा करकचून आवळलेला, हातात खुणा केलेली काठी. शहरांनी शहरांकडून शिकावं अशी कुठलीशी योजना होती. तिच्यातून पाच देशांची माणसं आली होती. बाकीची मंडळी खाली शहरात पडद्यावरची चित्रं बघत बसली. ही पहिल्याच दिवशी म्हणाली, "चित्रातल्या जमिनीला पाय लागत नाहीत. मला चालायचंय." तेव्हापासून ती या घळीत वरखाली हिंडत होती, आणि जाईल तिथं कुंपणांच्या खांबांना आपल्या जुन्या साडीच्या लाल चिंध्या बांधत होती. पाणी आलं तर इथवर येईल, अशी खूण.

वस्ती पोट धरून हसली होती. "पाण्याची बाई पाठवलीय!" गोंबो म्हातारा पाणपोईच्या रांगेत ओरडला होता. "आम्ही इथं हातगाडीवर डबे लादून अर्धा कोस पाणी ओढतोय आणि ही म्हणते पूर येईल. आला तर सांगा बाई, माझे दोन डबे भरून घेतो!"

खालच्या घरांच्या चिंध्या घोट्याएवढ्या, गुडघ्याएवढ्या उंचीवर होत्या. खांदमाच्या कुंपणावरची चिंधी तिच्या छातीशी आली होती.

तिघी आत आल्या. खांदमानं वाडग्यात चहा ओतला, उजव्या हातानं पुढे केला. रौशन आरानं तो घेतला, एक घोट प्यायली, आणि देलाच्या खिशातून काहीतरी काढून चुलीशेजारी ठेवलं.

गोटा. मुठीएवढा, करडा, नदीनं घासून घासून अंड्यासारखा गुळगुळीत केलेला.

"तुमच्या संडासाच्या कडेला माती खचलीय," नोमूननं तिचं बोलणं सांगितलं. "तिथं मिळाला. आपा म्हणतात, डोंगराचा दगड कोपऱ्याकोपऱ्यांचा असतो. असा गोल व्हायला पाण्यानं त्याला फार वर्षं लोळवावं लागतं."

खांदमा गोट्याकडे बघत राहिली. तिचा हात आपसूक त्याच्यावर गेला आणि त्यानं तो झाकला.

रौशन आरानं ते पाहिलं.

अकरा वर्षांपूर्वी तो झुडाचा हिवाळा आला. बर्फाचं कवच गवतावर लोखंडासारखं बसलं आणि मेंढरं उभ्या उभ्या गोठली. वसंतात सोळा कुटुंबं उरलंसुरलं ट्रकवर लादून शहराकडे निघाली, ती दाम्दिनच्या मागं. दाम्दिन, खांदमाचा धनी. वाऱ्याच्या नुसत्या वासावरून दोन दिवसांनंतरचं वादळ सांगणारा माणूस. शहराच्या कडेला पोचल्यावर बाकीचे बापे गांगरून उभे होते, तेव्हा हा एकटा टेकडी चढून गेला, घळीत उतरला, बोट ओलं करून वर धरलं आणि म्हणाला, "इथं. इथं वारा पोचत नाही." सोळा कुटुंबांनी काही न विचारता तिथंच आपापले गेर, लोकरीच्या नमद्याची गोल घरं, उभारले. भोवती फळ्यांची कुंपणं ठोकली.

पहिल्या उन्हाळ्यात दाम्दिननं संडासाचा खड्डा खणला. खांदमा माती उपसत होती. कमरेएवढं खोल गेल्यावर पहार टणकन वाजली. मग पुन्हा. मग खालून गोटेच गोटे निघाले, धुतल्यासारखे स्वच्छ, रांगेनं निजलेले. दाम्दिन बराच वेळ खड्ड्यात तसाच उभा राहिला. वर आला तेव्हा त्याचा चेहरा तिनं झुडातही पाहिला नव्हता तसा झाला होता.

"माती टाक," तो म्हणाला. "कुणाला बोलू नकोस."

तिनं माती टाकली. कुणाला बोलली नाही. अकरा उन्हाळे कोरडे गेले, आणि तो तर आता कुणाला काही सांगायच्या पलीकडे गेला होता.

"दुपारी सगळे जमणार," रौशन आरा चहा संपवून म्हणाली. "मी तिथं नकाशा दाखवीन. बाकी काही बोलणार नाही." उठताना तिनं दाराबाहेर उत्तरेकडे पाहिलं. डोंगरावर एक ढग होता, निळसर काळा, दुधावर साय धरावी तसा हळूहळू जाड होत चाललेला. वस्तीवर लख्ख ऊन होतं.

दुपारी खांदमाच्याच गेरमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली. खाली घोंगडीवर नकाशा पसरला होता. तो वस्तीतल्या बायांनीच काढलेला. रौशन आरानं शिकवल्याप्रमाणं पावलांनी मोजून, रंगीत दोऱ्यांनी कुंपणं दाखवून. मधून निळा दोरा गेला होता. ती घळ.

सौदा साधा होता. वस्तीनं एकमतानं घळीची वाट मोकळी करून दिली, तर शहराची कचेरी तिथं दगडी नाली बांधून देणार होती. दोन्ही काठांना झाडं, शेजारून गाडी ओढता येईल अशी पायवाट. पंधरा घरांना कुंपणं दोन दोन पावलं मागं घ्यावी लागणार होती. सोळाव्याला सगळंच उचलावं लागणार होतं. निळा दोरा खांदमाच्या अंगणातून, चुलीपासून चार हातांवरून जात होता.

गोंबोची सून उर्ना आपलं दोन महिन्यांचं बाळ घेऊन आली होती. ते किरकिरत होतं, म्हणून खांदमानं ते घेतलं. बरंच झालं. हातांना काहीतरी काम हवंच होतं. ती त्याला डोलवत हलकेच गुणगुणू लागली, कोकराला जवळ न घेणाऱ्या मेंढीला आळवतात ते गाणं.

*घे गं घे मेंढीबाई, तुझंच हे कोकरू,*
*वाऱ्यावर नको गं अशी पाठ फिरवू...*

"मला एकच सांगा," गोंबो नकाशावर बोट आपटत म्हणाला. "ही जागा कुणी निवडली? दाम्दिननं. अकरा वर्षांत कुणाच्या घरात थेंब आला? नाही. हिवाळ्यात वरच्या वस्तीत कोळसा पोत्यानं जाळतात, आपल्याला निम्मा पुरतो. का? वारा पोचत नाही. मग?"

"खरंय दादा," दोघातिघांनी माना हलवल्या.

नोमूननं सांगितल्यावर रौशन आराही मान हलवत होती. "बरोबर आहे. हिवाळ्याचा मुक्काम म्हणून जागा सोन्यासारखी आहे. मला एवढंच विचारायचंय... माळावर असताना उन्हाळा लागला की तुम्ही कुठं जायचात?"

हिवाळ्याला घळीच्या आडोशाला, उन्हाळ्याला मोकळ्या उंचवट्यावर. इतकी साधी गोष्ट, तिथं बसलेलं प्रत्येक माणूस आईच्या पाठुंगळीला असल्यापासून करत आलं होतं. शहरात आले, कुंपणं ठोकली आणि हिवाळ्याच्या मुक्कामी अकरा उन्हाळे काढले.

"म्हणजे दाम्दिन चुकला असं म्हणायचंय?" गोंबोचा आवाज चढला. "या वाळूवरच्या बाईला असं म्हणायचं असेल तर तिनं ते त्याच्या बायकोच्या तोंडावर म्हणावं!"

नोमून ते भाषांतर करेना. रौशन आरानं तिला कोपरानं डिवचलं, तेव्हा तिनं खाली बघत सांगितलं.

"मी नाही म्हणणार," रौशन आरा म्हणाली. "माझा नवरा कुठं चुकला हे मी शेजारणीकडून ऐकून घेतलं नव्हतं. पण एक सांगते, कारण माझं बेट मी सात वेळा बुडताना पाहिलंय. हे वरचं कुंपण पाणी अडवेल. फळ्यांना काटक्या, कचरा, प्लास्टिक अडकेल, पाणी चढत जाईल. लाल चिंधीपर्यंत चढेल. मग फळ्या मोडतील आणि सगळं एकदम खाली येईल. खाली पहिलं घर कुणाचं आहे?"

माना उर्नाकडे वळल्या. पहिलं घर उर्नाचं होतं. लाकडी, पायासकट पक्कं.

"खांदमाताई," उर्ना हळूच म्हणाली, "तुम्ही काहीच बोलत नाही."

सगळे तिच्याकडे बघू लागले. बाळ झोपलं होतं. त्याच्या टाळूवरचा मऊ खळगा श्वासासोबत उडत होता. बोलली तर दाम्दिन पुन्हा एकदा मरणार होता, आणि या वेळी तिच्या हातून. पंधरा घरं हिवाळ्याच्या प्रत्येक संध्याकाळी त्याच्या नावानं दुधाचा पहिला थेंब शिंपायची. न बोलावं तर काय? अकरा वर्षं काही झालं नाही. बारावंही जाईल.

तेवढ्यात रौशन आरा उठली. नाक वर करून तिनं छताच्या मधल्या उघड्या चाकातून वर पाहिलं आणि काही न सांगता बाहेर पडली. दार उघडं राहिलं. त्यातून वारा आला.

त्या वाऱ्याला वास होता. ओल्या मातीचा, दुरून येणारा. डोक्यावर ढग नाही, अंगणात थेंब नाही, आणि वाऱ्याला ओल्या मातीचा वास. माळावर असा वास आला की दाम्दिन हातातलं वाडगं खाली ठेवायचा. बाकी कुणाला कळायच्या आत उठायचा.

खांदमा उठली. बाळ उर्नाच्या कुशीत दिलं.

"दाम्दिनला माहीत होतं," ती म्हणाली.

"काय?" गोंबो म्हणाला.

"खड्डा खणला त्याच वर्षी. खाली गोटे निघाले, नदीचे. त्यानं मला माती टाकायला लावली. ही पाण्याची वाट आहे हे त्याला माहीत होतं आणि मलाही. तुम्ही सगळे त्याच्या भरवशावर आलात, तुम्हाला काय सांगणार म्हणून तो गप्प बसला. तो गेल्यावर मी बसले." तिनं कमरेचा पट्टा आवळला. "आता बास."

कुणीतरी सुस्कारा टाकला. गोंबोचा चेहरा लालबुंद झाला. खांदमानं वाटही पाहिली नाही. दाराशेजारची पहार उचलून ती बाहेर गेली.

रौशन आरा घळीत उकिडवी बसली होती. वरच्या वळणावरून पाण्याची एक जीभ सरपटत येत होती, बोटाएवढी जाड, तोंडाशी काटक्या, शेण, सिगारेटची थोटकं घेऊन. तिनं एक बोट वर केलं, मग अर्धं मुडपलं. हे कळायला नोमून लागली नाही. तास नाही. अर्धा.

खांदमानं पहिल्या फळीत पहार घातली आणि अंगाचं सगळं वजन टाकलं. खिळा किंचाळला, फळी हलली नाही. या फळ्या दाम्दिननं ठोकलेल्या. प्रत्येकीला चार चार खिळे, कंजुषी न करता. तिनं पुन्हा जोर लावला. मागं दारात माणसं उभी होती, पुतळ्यांसारखी. एकही पाऊल पुढं येईना.

"अगं ए! अशी पहार धरतात होय?"

गोंबो होता. त्यानं तिच्या हातून पहार हिसकावली. "खालून घाल, खालून! अकरा वर्षं माझ्या शेजारी राहिलीस, पहार धरायला नाही शिकलीस." डोळे तिच्याकडे न वळवता त्यानं फळी उचकटली. ती तुटली नाही, सबंध निघाली. मग तो मागं वळून गरजला, "बघता काय तोंडं वासून? गेर उतरवा! आठवतंय का विसरलात?"

विसरले नव्हते. हात विसरत नाहीत. वरचं पांढरं कापड सुटलं, दोरखंड सुटले, नमदे घड्या होऊन खांद्यांवर चढले. छताच्या काठ्या एकेक करून निघाल्या आणि बायांच्या काखेत गेल्या. चूल उचलायला चौघी लागल्या, अजून गरम होती. जाळीच्या भिंती मिटल्या. कोण कुठं उभं राहायचं हे कुणी कुणाला सांगत नव्हतं. उर्नाच्या सासूच्या तोंडून मेंढीचं गाणं सुरू झालं होतं आणि त्याच्याच ठेक्यात हात चालत होते.

*घे गं घे मेंढीबाई, तुझंच हे कोकरू...*

"आपा कुठंयत?" नोमून ओरडली.

रौशन आरा घळीतून खाली धावत होती. साडी एका मुठीत, काठी दुसऱ्या. बैठकीला न आलेली माणसं खालच्या घरांत होती. म्हातारी, झोपलेली, शेगडीपाशी बसलेली. त्यांना हाक मारायला तिच्याकडे या भाषेतलं एकच वाक्य होतं. प्रत्येक फाटकावर काठी आपटून ती तेच ओरडत होती, घसा फाटेस्तोवर.

"कुत्रं धरा! कुत्रं धरा!"

आणि माणसं बाहेर येत होती. हाक आली की बाहेर यायचं, एवढंच त्यांना माहीत होतं. बाहेर आली की ती वरच्या काठाकडे हात करायची, त्यांच्या दंडाला धरून ढकलायची, आणि पुढच्या फाटकाकडे धावायची.

वरचं कुंपण काढून झालं. खालचं अर्धं निघालं होतं तोवर आवाज आला. लांबून, दगड दळल्यासारखा. गोंबोनं हातातली फळी तशीच टाकून खांदमाचा देल मागून धरला आणि तिला काठावर ओढलं.

पाणी वळणावरून आलं ते पाण्यासारखं नव्हतं. चिखल, फांद्या, टायर, कुणाचं तरी दार, सगळं एकत्र रेटत आलं. खांदमाच्या अंगणात शिरलं. संडास पत्त्यासारखा आडवा झाला, कोळशाचं खोपट गेलं, घोडा नसतानाही दाम्दिननं रोवलेला घोडा बांधायचा खांब एकदा वाकला आणि गेला. मघा जिथं चूल होती तिथून पाण्याचा लोट गुडघ्याएवढा धावत होता. पण तो थांबला नाही, साठला नाही. मोकळ्या वाटेनं खाली उतरला, उर्नाच्या घराच्या भिंतीपासून हातभर अंतरावरून गेला, आणि आणखी खाली, आणखी खाली.

उर्ना बाळाला छातीशी गच्च धरून भिंतीकडे बघत होती. भिंत उभी होती. बराच वेळ बघूनही ती उभीच होती.

पाणी ओसरायला फार वेळ लागला नाही. आलं तसं गेलं. उन्हात वाफा निघत होत्या. खांदमा काठावर आपल्या गुंडाळलेल्या घरावर बसली होती. खाली, जिथं तिचं अंगण होतं, तिथं माती पार धुवून निघाली होती आणि गोटे उघडे पडले होते, शेकड्यांनी, करडे, ओले, चकाकणारे. आता लपवायला काही उरलं नव्हतं. ती कुणाच्या नजरेला नजर देत नव्हती.

गोंबो येऊन शेजारी टेकला. तपकिरीची डबी काढली, उघडली, बंद केली.

"माझ्यात पण निघाले होते," तो म्हणाला.

"काय?"

"गोटे. माझ्या खड्ड्यात. पहिल्याच वर्षी."

खांदमानं मान वळवली. "मग?"

"मग काय? बुजवले. दाम्दिनला कुठल्या तोंडानं सांगणार? त्याला वाईट वाटलं असतं."

मागून कुणीतरी घसा खाकरला. "आमच्या कोळशाच्या खोपटाखाली होते."

"आमच्याकडे पायऱ्या करायला घेतल्या तेव्हा..." दुसरं कुणी म्हणालं, आणि थांबलं.

मग एकेक मान हलत गेली. सोळा घरांनी एकमेकांपासून एकच गोष्ट लपवली होती, एकाच माणसाच्या मायेपोटी. त्या माणसानंही तीच लपवली होती, त्या सगळ्यांच्या. नोमूननं रौशन आराला ते सांगितलं. रौशन आराचा घसा पार बसला होता. ती चिखलात फतकल मारून बसली आणि आवाज न करता खूप वेळ हसत राहिली, डोळे पुसत.

"माझ्या वरच्या अंगाला बटाट्यांचे वाफे आहेत," गोंबो थोड्या वेळानं म्हणाला. "तिथं उभार. संध्याकाळच्या आत होईल."

"हिवाळ्यात वारा लागेल तिथं."

"लागू दे. नमदा दुपदरी घालू." त्यानं तपकिरीची डबी दोन्ही हातांनी तिच्यापुढं धरली. "घे. तोंड वाकडं करू नकोस."

खांदमानं चिमूट घेतली. मग उठून दुधाची किटली शोधली. कुणीतरी ती नमद्याच्या घडीत नीट ठेवली होती. लाकडी चमच्यानं तिनं रिकाम्या अंगणाकडे तीनदा दूध शिंपलं. मुक्काम हलवणाऱ्याच्या मागं शिंपायचं असतं. हा मुक्काम हलायला अकरा वर्षं उशीर झाला होता. "जा," ती दाम्दिनला उद्देशून पुटपुटली, इतकंच.

रौशन आरा पलीकडे दोरखंडांच्या गाठी उलगडून बघत होती. एक खिळा नाही, अर्ध्या तासात घर खाली. आमच्या पत्र्याच्या घराला अख्खा दिवस लागतो, ती नोमूनला घोगऱ्या आवाजात सांगत होती, ही गाठ मला हातानं शिकवा, नुसती दाखवू नका. मग तिची नजर खाली गेली. तिनं नोमूनच्या कानात काही विचारलं, जरा लाजल्यासारखं.

"आपा म्हणतात, त्यांच्या बेटावर नुसती वाळू आहे. दगड औषधालाही सापडत नाही. यातला एक नेला तर चालेल का?"

खांदमा धुतल्या वाटेत उतरली. पाय ओल्या गोट्यांवरून घसरत होते. तिनं एक उचलला, ठेवला. दुसरा उचलला, तोही ठेवला. शेवटी एक पसंत पडला. देलाच्या बाहीनं तो कोरडा पुसला, उजव्या हातात घेतला, डावा हात कोपराखाली धरला, पाहुण्याला वस्तू द्यायची तसा, आणि वर काठाकडे पुढे केला.